सरकणारा सूर कुणाचा?

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी भाचा घरी आला. अमरावतीला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. खांद्यावर कुणाकडून तरी जुनी घेतलेली इलेक्ट्रिक गिटार, हातात छोटा स्पीकर. पाणी प्याला, नानीला सलाम केला आणि खिशातून एक चकचकीत नळी काढून माझ्यासमोर ठेवली. मी लगेच ओळखली. गॅरेजमध्ये नट खोलायला वापरतात त्या गोटी पान्याची लांब गोटी होती ती.

"मामू, इससे वो आवाज निकलेगा क्या?"

'वो आवाज' म्हणजे काय ते त्याने मोबाइलवर ऐकवलं. एक अमेरिकन गाणं होतं. गायकाच्या मागे एक वाद्य वाजत होतं. सूर एका जागेवरून निघून दुसऱ्या जागेवर पोहोचेपर्यंत मधली सगळी वाट दाखवत होता. रडल्यासारखं म्हणावं तर रडणं नाही, हाक मारल्यासारखं म्हणावं तर हाक नाही. त्या वाद्याचं नाव पेडल स्टील गिटार. पोरगा महिनाभर त्यामागे लागला होता. एका दुकानात विचारायला गेला तर दुकानदाराने सांगितलं, "ते वाद्य आपल्याकडे मिळत नाही. तू एक प्रोसेसर घे, बटण दाबलं की तसा आवाज येतो." मशीनची किंमत ऐकून हा तसाच परत आला आणि गॅरेजवाल्या दोस्ताकडून गोटी मागून घेतली.

तो माझ्याकडे का आला, ते सांगतो. बी.एड.च्या वर्षी मी अमरावतीला खोली करून राहत होतो. घरमालकांचे मोठे भाऊ एकेकाळी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ऑर्केस्ट्रा बंद पडला होता, पण गिटार पलंगाखाली होती. संध्याकाळी ते ती मांडीवर आडवी घ्यायचे आणि मी समोर बसायचो. त्यांच्याकडून दीड वर्ष शिकलो. दहा-बारा फिल्मी धुना येतात, त्याही अडखळत. मी वादक नाही, शिक्षक आहे. वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो. पण भाच्याच्या प्रश्नावर बोलायला मला दोन्ही गोष्टी उपयोगी पडल्या, आणि म्हणूनच हे लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हो, तो आवाज गिटार आणि गोटीतून काढता येतो. पुरा नाही, पण पाऊण येतो. आणि ज्याने तो हाताने काढला, त्याचा तो आवाज झाला. "हा आपला आवाज नाही, ही परक्याची नक्कल आहे," असं म्हणणाऱ्यांनी आधी थोडं ऐकून घ्यावं.

आधी ते वाद्य समजून घेऊ. पेडल स्टील हे टेबलासारखं पायांवर उभं असतं आणि वादक त्याच्यामागे बसतो, शिलाई मशीनवर बसावं तसा. बहुधा दहा तारा असतात. डाव्या हातात जड, गुळगुळीत पोलादी कांडी. ती तारांवर नुसती टेकवायची आणि सरकवायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नखं, आपल्या सतारीच्या मिजराबीसारखी. डावा पाय खालच्या पेडलांवर, उजवा पाय आवाज कमी-जास्त करण्याच्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांपाशी बाजूला ढकलायच्या दांड्या. म्हणजे दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळे कामाला.

हे पेडल करतात काय? तारा जुळवण्याच्या सर्वांत प्रचलित पद्धतीला ई-नाइन्थ म्हणतात. त्यातल्या ईला आपण सा धरू. एक पेडल दाबलं की पंचमाच्या तारा चढून धैवतावर जातात. शेजारचं पेडल दाबलं की गंधाराच्या तारा चढून मध्यमावर जातात. षड्ज मात्र जागचा हलत नाही. सा-ग-प वाजत असताना दोन्ही पेडल हळूहळू दाबले की ऐकता ऐकता त्याचं सा-म-ध होतं. एक सूर उंबरठ्यावर उभा राहतो आणि त्याच्या घरचे दोघे त्याच्या डोळ्यांदेखत पुढे निघून जातात. त्या वाद्यातली हुरहुर इथून येते. नुसतं सरकणं आपल्याला नवीन नाही, सारंगीत आहे, सतारीच्या मींडेत आहे. पण एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने सरकायचं, ही पेडल स्टीलची खासियत.

साध्या गिटारवर गोटी फिरवली की अडचण नेमकी इथेच येते. गोटी सरळ असते. ती सगळ्या तारांना एकदम घेऊन जाते, प्रार्थनेहून वर्गात जाणाऱ्या रांगेसारखी. सा दोन घरं वर गेला की ग आणि पही दोनच घरं वर. कुणाला मागे ठेवता येत नाही. भाच्याची तक्रार हीच होती. "मामू, हवाईयन जैसा बजता है, वैसा नहीं बजता." पोराचा कान बरोबर होता. बरेच जण इथपर्यंतही येत नाहीत.

मग आम्ही दोघं बसलो. काय केलं ते क्रमाने लिहितो, कारण कुणा दुसऱ्या पोरालाही उपयोग होईल.

पहिलं, तारा पुन्हा जुळवल्या. नेहमीच्या जुळवणीत सहावी तार ई, पाचवी ए, चौथी डी, तिसरी जी, दुसरी बी, पहिली ई. आम्ही सहावी ई उतरवून डी केली, तिसरी जी उतरवून एफ शार्प, दुसरी बी उतरवून ए आणि पहिली ई उतरवून डी. चौथी आणि पाचवी तशाच ठेवल्या. आता जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा प सा ग प सा झालं. नुसता हात फिरवला तरी पूर्ण मेळ वाजतो. तारा चढवूनही असा मेळ करता येतो, पण जुन्या गिटारच्या मानेवर ताण वाढतो. उतरवलेलं बरं.

दुसरं, गोटी करंगळीत घातली. तो ती मधल्या बोटात घालून वाजवत होता. करंगळीत घातली की मागची तीन बोटं मोकळी राहतात, आणि पुढचं सगळं काम त्या मोकळ्या बोटांचं आहे. गोटी दाबायची नाही, फक्त टेकवायची. आणि ती पडद्याच्या बरोबर वर हवी. बोटाने वाजवताना आपण पडद्याच्या अलीकडे दाबतो, तीच सवय गोटीला लागली की प्रत्येक सूर उतरा लागतो. मागचं पहिलं बोट तारांवर हलकं पडू द्यायचं, म्हणजे गोटीच्या मागचा खरखराट बंद होतो. ज्या तारेचं काम नाही ती उजव्या तळव्याने झाकायची. मास्तर म्हणायचे, "वाजवणं अर्धं, गप्प करणं अर्धं." तेव्हा मला ते कळलं नव्हतं. वर्गात पंधरा वर्षं काढल्यावर कळलं.

तिसरं, सुराचा जन्म लपवायचा. गिटारची तार छेडली की 'टण्' होतं. पेडल स्टीलचा वादक पायाच्या पेडलने तो 'टण्' गिळून टाकतो, सूर धुक्यातून आल्यासारखा वर येतो. आपल्या गिटारवर आवाजाचं गोल बटण असतं. ते उजव्या करंगळीने बंद ठेवायचं, तार छेडायची आणि लगेच बटण हळूहळू उघडायचं. पहिल्या शंभर वेळा जमत नाही. भाच्याला तिसऱ्या दिवशी जमलं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने चालायचं, हे गोटीने कसं करायचं? गोटी सातव्या किंवा त्याच्या वरच्या पडद्यावर ठेवायची, म्हणजे मागे जागा मिळते. मागच्या मोकळ्या बोटाने फक्त तिसरी तार बाजूला ओढायची. तार ताणली जाते, गोटीच्या पुढचा तिचा सूर चढतो, बाकीच्या तारा जागेवर राहतात. तिसरी तार आपल्या मेळात गंधार आहे. अर्धा सूर चढला की मध्यम. म्हणजे पेडल स्टीलचं एक पेडल आपल्या बोटात आलं! मांडीवरची गिटार वाजवणारे हे फार पूर्वीपासून करतात. पंचमाचा धैवत करायला मात्र पूर्ण एक सूर ओढावा लागतो, तो गोटीमागे सहज निघत नाही.

त्यासाठी दुसरी वाट आहे. गोटी बाजूला ठेवायची, तारा नेहमीसारख्या जुळवायच्या. पहिली आणि दुसरी तार आठव्या पडद्यावर करंगळीने धरायची. तिसरी तार सातव्या पडद्यावर अनामिकेने धरायची, मधल्या बोटाचा आधार द्यायचा. तिन्ही छेडून तिसरी तार पूर्ण एक सूर ताणायची. सीला सा धरलं तर वरचे प आणि सा स्थिर आहेत आणि खालचा रे वर चढून ग होतो. अमेरिकेतल्या वादकांनीही हेच केलं. 1960च्या दशकाच्या शेवटी क्लेरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स या दोघांनी तर गिटारच्या पोटात अशी कळ बसवली की गिटार खाली दाबली, की पट्टा ओढला जाऊन दुसरी तार एक सूर चढते. त्यांनाही पेडल स्टीलचाच आवाज साध्या गिटारवर हवा होता. म्हणजे माझा भाचा काही जगावेगळं मागत नव्हता.

पाचवं, गंधार. गोटीला पडद्यांचं बंधन नाही, ही तिची खरी श्रीमंती. की-बोर्डचा गंधार हा हिशेबाने बसवलेला असतो. आपल्या कानाला तंबोऱ्याबरोबर जो शुद्ध गंधार गोड लागतो, तो त्याहून थोडा खाली असतो. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग खाली. पेडल स्टीलवालेही आपला गंधार असाच थोडा उतरवून जुळवतात. गोटीने ती जागा शोधता येते. मी भाच्याला डोळे मिटायला सांगितले आणि गंधार लागेपर्यंत गोटी मागे-पुढे करायला लावली. लागला तेव्हा तो स्वतःच थांबला. मला सांगावं लागलं नाही.

आता त्या बटणाच्या मशीनबद्दल. माझं मशीनशी भांडण नाही. थोडा प्रतिध्वनी, सूर लांबवणारं एखादं यंत्र, यांचा उपयोगच होतो. पण बटणातून येणारी मींड दर वेळी सारखीच. तिला घाई नाही, संकोच नाही, चूक नाही. आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये, गॅदरिंगमध्ये सगळीकडे की-बोर्ड आला आणि त्यातल्या बटणात बासरी, सनई, गिटार सगळं भरून आलं. सनईवाला घरी बसला. हवाईयन गिटारवाला तर त्याच्या कितीतरी आधी. पेटी सुरांमधली वाट दाखवू शकत नाही, हा आक्षेप या देशात एवढा गंभीर मानला गेला होता की 1940मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. ती बंदी चुकीची होती असंच मला वाटतं. पेटीने गावोगावच्या भजनी मंडळांना आणि कव्वालांना जे दिलं, ते कुणीच दिलं नसतं. पण त्या भांडणात मुद्दा तरी सुरांचा होता. आज बटणापुढे तेवढंही भांडायला कुणी उरलेलं नाही.

"हा इंग्रजी आवाज आपल्या काय कामाचा?" हे वाक्य भाच्याला घरीही ऐकावं लागतं, बाहेरही. म्हणून थोडा इतिहास.

इलेक्ट्रिक गिटार म्हणून जी पहिली बाजारात चालली, ती उभी धरून वाजवायची गिटारच नव्हती. 1932मध्ये अमेरिकेत रिकनबॅकर आणि बोशाँ यांनी आणलेली ती मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांडीने वाजवायची हवाईयन गिटार होती. ॲल्युमिनियमचं गोल अंग आणि लांब मान, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणायचे. आपण दांड्याचा तवा म्हणू. म्हणजे भाच्याच्या खांद्यावरची गिटार ही त्या सरकत्या सुराची नात आहे. तो तिच्याकडून परक्याचं काही मागत नव्हता, आजीचंच मागत होता. पेडल नंतर आले. 1954मध्ये वेब पिअर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्सने सूर वाजत असतानाच पेडल दाबून तो चढवला. ते ऐकून बाकीचे वादक आपापल्या वाद्यांना पेडल लावायला धावले.

त्याच्याही मागे गेलं की हवाई बेटं. तिथे जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटारवर लोखंडाचा तुकडा सरकवून हे वादन सुरू केलं, असं बहुतेक जण मानतात. पण त्याच बेटांवर आणखी एक नाव घेतलं जातं, गॅब्रिएल डेव्हियन. भारतात जन्मलेला, जहाजावरून तिथे पोहोचलेला माणूस, आणि केकुकूच्याही आधी तो तारेवर असा सूर सरकवत होता, असं सांगणारे होते. खरं काय ते आता ठरवणं कठीण. मात्र तारेवर गुळगुळीत वस्तू सरकवणं आपल्याकडे होतं हे नक्की. विचित्र वीणा काचेच्या गोळ्याने वाजवतात. ती मैफलीत आणणारे उस्ताद अब्दुल अझीझ खाँ पतियाळा दरबारचे. दक्षिणेत लाकडी ठोकळ्याने वाजवायचं गोट्टुवाद्य, त्याला नवजीवन देणाऱ्या तंजावरकडच्या वादकाचं नाव सखाराम राव. नाव मराठी, वाद्य कर्नाटकी. कुणाला शोधूनही भिंत सापडू नये अशी ही सगळी मंडळी.

मग हवाईयन गिटार आपल्याकडे आली आणि आपण तिला फिल्मी गाणं शिकवलं. लखनौचे व्हॅन शिपली मुंबईत आले, इलेक्ट्रिक गिटारवर धुना वाजवून नाव कमावलं. कोलकात्यात सुनील गांगुली होते. काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध हेही गिटारवादक. माझ्या लहानपणी विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की अशीच एखादी धून लागायची. शब्द नसायचे, पण अब्बा ओठातल्या ओठात शब्द म्हणायचे. पुढे ब्रिजभूषण काबरांनी, उस्ताद अली अकबर खाँ यांच्या शिष्याने, हीच गिटार रागदारीत आणली. 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर आणि बासरीबरोबर जी गिटार आहे, ती त्यांची. आणि विश्वमोहन भट्टांनी मोहन वीणा घडवली, अमेरिकेतल्या राय कुडरबरोबर ध्वनिमुद्रण केलं आणि 1994मध्ये दोघांना ग्रॅमी मिळालं. कुडर काय वाजवत होते? स्लाइड गिटार. म्हणजे समोरासमोर बसलेले दोघंही सूर सरकवतच होते.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं, त्यामागे माझं स्वतःचं एक दुखणं आहे. मोर्शीत माझं आयुष्य गेलं, संत्र्याच्या बागांत खेळलो, वऱ्हाडी बोलत मोठा झालो. तरी एखाद्या कार्यक्रमात बोलून खाली उतरलो की कुणीतरी प्रेमाने जवळ येतं आणि म्हणतं, "सर, तुम्ही इतकं छान मराठी कसं काय बोलता?" मी हसून आभार मानतो. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हेही मला माहीत आहे. पण त्या प्रश्नात मी पाहुणा आहे, हे गृहीत धरलेलं असतं. आणि उलट बाजूने, आमच्यातलेच काही जण मला सांगतात की उर्दूवाल्याने मराठीत लेख कशाला लिहायचे. दोघांचा समज एकच. भाषा ही सातबाऱ्यावर चढलेली जमीन आहे.

माझ्या वर्गात ज्यांच्या घरी उर्दू बोलतात अशी मुलं येतात. उर्दूत ळ नाही. ती 'शाळा'ला 'शाला' म्हणतात, आणि 'बाळ' म्हणायला गेली की 'बाल' होतो, म्हणजे केस. मी काय करतो? माझ्या जिभेकडे बघायला सांगतो आणि नक्कल करायला लावतो. दहा वेळा, वीस वेळा. एक दिवस जीभ बरोबर वळते आणि ळ निघतो. त्या दिवसापासून तो ळ त्या मुलाचा. तो कुणाकडून उसना घेतला, असं पुन्हा कुणी विचारत नाही, विचारूही नये. मराठी घरातल्या मुलाने माझ्याकडून ख़ आणि ग़ शिकला तर तोही त्याचा.

'नक्कल' या शब्दाची आपण फार बदनामी केली आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. आपल्या तहसीलमध्ये आजही कागदाची नक्कल मिळते, आणि ती खोटी नसते. फक्त तिच्यावर मूळ कागद कोणता ते लिहिलेलं असावं लागतं. एवढीच अट मी भाच्याला घातली. वाजव, पण कुणाचं ऐकून वाजवतोस ते सांग. पेडल स्टीलवाल्यांचं नाव घे, हवाईच्या त्या पोराचं घे, काबरा-भट्टांचं घे. आणि जिथे जमत नाही तिथे जमत नाही म्हण. दोन तारा एकाच वेळी वेगवेगळं अंतर चढवणं गोटीने होत नाही. तिथे पेडल स्टीलच हवं. ती उणीव लपवायला गेलास तर बटणवाल्या मशीनकडे जाशील. ती उणीव धरून वाजवलंस तर तुझी स्वतःची एक चाल तयार होईल.

एक गोष्ट राहिली, आणि ती टाळली तर लेख अर्धवट राहील. भाच्याच्या अब्बांना घरात गिटार नको आहे. एक तर शेवटचं वर्ष. दुसरं म्हणजे वाद्याबद्दलचं त्यांचं धार्मिक मत. या विषयावर आलिमांमध्ये मतभेद आहेत आणि मी मुफ्ती नाही, त्यामुळे फतव्याच्या भाषेत मी बोलणार नाही. मेहुणे कष्टाळू आणि नेक माणूस आहेत, त्यांच्या मताची टिंगलही मी करणार नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की उस्ताद बिस्मिल्ला खाँ आयुष्यभर नमाजीही राहिले आणि सनईवालेही. आपल्या इतिहासात अशी माणसं एक-दोन नाहीत. आणि पोरगा ज्या वयात आहे, त्या वयात त्याच्या हाताला काहीतरी चिकटणारच. मोबाइल चिकटण्यापेक्षा एक गंधार शोधत तीन तास बसणं मला बरं वाटतं. तेवढा वेळ तो स्वतःचं ऐकत असतो. वर्गात मला हेच शिकवता येत नाही. मुलं उत्तर द्यायला शिकतात, ऐकायला नाही.

मेहुण्यांनी ते ऐकून घेतलं. पटलं असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "इम्तिहान के बाद देखेंगे." मग थोड्या वेळाने, "अजान के वक्त बंद रखना." मी यालाच होकार समजतो. आमच्या घरांत होकार असाच येतो, अटीच्या मागून.

परवा भाचा पुन्हा आला होता. तिसऱ्या तारेवरचा ग त्याने ओढून म केला, सोडला, पुन्हा केला. आवाज करंगळीने उघडत आणला. सा थांबला होता. अम्मी आतून म्हणाल्या, "रेडिओ लावला का रे?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

परीक्षेपर्यंत गिटार माझ्याकडे राहणार आहे. गोटी मात्र गॅरेजवाल्याची आहे. सूर कुणाचाही असो, गोटी ज्याची त्याला परत द्यायची आणि स्वतःची विकत घ्यायची, हे मी त्याला दोनदा बजावलं आहे.